कोटाखालचे पिस्तूल : अमेरिकेतील छुपी शस्त्रधारणा आणि स्वसंरक्षणाचा प्रश्न

अमेरिकेतील बंदुकीविषयी मराठी वाचकापर्यंत जे पोहोचते ते बहुधा एखाद्या शाळेत किंवा बाजारात झालेल्या हत्याकांडाच्या बातमीतून पोहोचते, आणि त्यामुळे या विषयाचा जो भाग तिथल्या नागरिकाच्या रोजच्या जगण्यात सर्वाधिक मुरलेला आहे तोच नजरेआड राहतो. हा भाग म्हणजे भरलेले पिस्तूल कपड्यांखाली किंवा पर्समध्ये दडवून रस्त्यावर, दुकानात, प्रार्थनास्थळात वावरण्याची कायद्याने दिलेली मुभा होय. तिला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात आणि इथे तिच्यासाठी ‘छुपी शस्त्रधारणा’ हा शब्द वापरला आहे. घरात बंदूक ठेवणे, ती सर्वांना दिसेल अशी कमरेला लावून फिरणे आणि ती दडवून फिरणे या तीन निरनिराळ्या गोष्टी असून अमेरिकी कायद्याने त्यांना कधीच एका मापाने मोजलेले नाही. यांपैकी तिसरीचा इतिहास सर्वांत चमत्कारिक आहे, कारण दीडदोनशे वर्षांपूर्वी जे भ्याडपणाचे आणि खुनशी हेतूचे लक्षण समजले जात होते, तेच आज देशाच्या मोठ्या भागात जबाबदार गृहस्थाचे लक्षण मानले जाते. हा उलटफेर कसा घडला आणि त्याने कोणाची सुरक्षितता वाढली, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील राज्यांत मानापमानावरून द्वंद्वयुद्धे होत आणि किरकोळ बाचाबाचीतून खंजीर निघत. अशा काळात 1813 साली केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी छुपी शस्त्रे बाळगण्यावर बंदी घातली. या बंदीमागची नीती स्पष्ट होती : ज्याच्या मनात पाप नाही तो आपले शस्त्र लपवणार नाही, आणि ज्याचे शस्त्र दिसते त्याच्याशी समोरचा माणूस सावधपणे वागतो, तर ज्याचे दिसत नाही तो समोरच्याला बेसावध गाठतो. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1850 मधील चँडलर खटल्यात हीच भूमिका घेतली आणि उघड शस्त्रधारणा हा हक्क, तर छुपी शस्त्रधारणा हा गुप्त घाताचा मार्ग, असा भेद केला. सूर एकमुखी मात्र नव्हता. केंटकीमध्ये ब्लिस नावाच्या इसमाला काठीत तलवार लपवल्याबद्दल, म्हणजे आपल्याकडे जिला गुप्ती म्हणतात तसे हत्यार बाळगल्याबद्दल, दंड झाला असता तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 1822 मध्ये ती बंदीच घटनाबाह्य ठरवली. त्यावर केंटकीच्या लोकांनी न्यायालयाशी वाद घालत न बसता 1850 च्या नव्या राज्यघटनेत छुप्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्ट शब्दांत देऊन टाकला. ज्या टेक्सासकडे आज बंदूकप्रेमाचे माहेरघर म्हणून पाहिले जाते, त्या टेक्सासनेही 1871 मध्ये पिस्तूल अंगावर बाळगण्यास जवळजवळ सरसकट मनाई केली आणि ती मनाई सव्वाशे वर्षे टिकली. ‘जुना पश्चिम’ म्हणजे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, ही कल्पना इतिहासापेक्षा चित्रपटांनी अधिक रुजवली आहे.

या कायद्यांच्या शब्दांत वंशाचा उल्लेख असो वा नसो, त्यांच्या अंमलात तो फार लवकर शिरला. गुलामगिरी संपल्यावर मिसिसिपीने 1865 मध्ये मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येणार नाही असे उघडच लिहिले. पुढे उघड लिहिणे अडचणीचे झाले, तेव्हा परवाना सर्वांना सक्तीचा करायचा आणि तो द्यायचा की नाही हे स्थानिक अधिकाऱ्यावर सोडायचे, अशी युक्ती निघाली. फ्लोरिडाने 1893 मध्ये केलेल्या परवान्याच्या कायद्याविषयी त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्युफर्ड यांनी 1941 मध्ये आपल्या स्वतंत्र मतात नमूद केले की, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठीच झाला होता आणि गोऱ्यांना तो लागू करण्याचा इरादाच कधी नव्हता. न्यायासनावरून इतकी रोखठोक कबुली क्वचितच मिळते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतील घरावर 1956 च्या जानेवारीत बाँब पडला, त्यानंतर त्यांनी छुप्या शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने असा अर्ज करावा याचे आश्चर्य वाटणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, ज्याच्या जिवाला असलेला धोका सगळ्या देशाला दिसत होता, त्यालाच परवान्यासाठी पुरेसे योग्य मानले गेले नाही.

परवाना देणाऱ्याच्या मर्जीचा हा प्रश्न उत्तरेतही होता, मात्र तिथे त्याचा रंग वेगळा होता. न्यूयॉर्कमध्ये 1911 च्या जानेवारीत डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराची भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली आणि त्याच वर्षी, शहराच्या राजकारणात दबदबा असलेल्या टिमथी सुलिव्हन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. लपवता येण्याजोगी बंदूक बाळगण्यास परवाना सक्तीचा झाला, आणि पुढे 1913 मध्ये छुप्या शस्त्राच्या परवान्यासाठी ‘योग्य कारण’ दाखवण्याची अट त्यात आली. योग्य कारण म्हणजे काय हे न्यायालयांनी हळूहळू ठरवत नेले, आणि शेवटी त्याचा अर्थ असा झाला की सर्वसामान्य नागरिकाला वाटणारी भीती पुरेशी नाही. इतरांहून वेगळी, स्वतःपुरती खास अशी गरज अर्जदाराने सिद्ध केली पाहिजे. जवाहिऱ्याला, बँकेची रोकड वाहणाऱ्याला किंवा वजनदार मंडळींत ऊठबस असलेल्याला ती सिद्ध करणे जमे. गुन्हेगारीने गांजलेल्या वस्तीतून रात्रपाळीला जाणाऱ्या परिचारिकेला मात्र जमत नसे, कारण तिचा धोका तिच्या सगळ्या शेजाऱ्यांचाही होता. ज्या पद्धतीत अधिकारी परवाना देऊ शकतो पण द्यायला बांधील नसतो, तिला अमेरिकी कायद्याच्या परिभाषेत ‘मे इश्यू’ म्हणतात. ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागतो ती पद्धत ‘शॅल इश्यू’, आणि परवान्याचीच गरज नसते ती ‘परमिटलेस’. छुप्या शस्त्रधारणेचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिसरीकडे झालेली वाटचाल आहे.

या वाटचालीची सुरुवात म्हणून सर्वसाधारणपणे फ्लोरिडाच्या 1987 च्या कायद्याचा उल्लेख होतो, आणि तो बराचसा रास्त आहे. वॉशिंग्टनसारख्या राज्याने असा कायदा त्याआधीच केलेला होता, तरी इतर राज्यांनी नमुना म्हणून उचलला तो फ्लोरिडाचा. टेक्सासमध्ये मात्र कायद्याला चेहरा मिळाला तो एका दुर्घटनेतून. किलीन गावातील एका उपाहारगृहात 16 ऑक्टोबर 1991 रोजी एका बंदूकधाऱ्याने 23 जणांना ठार केले. त्यांत सुझॅना ग्रॅशिया हप यांचे आई आणि वडील दोघेही होते. हप यांच्याकडे स्वतःचे रिव्हॉल्व्हर होते, परंतु ते अंगावर बाळगणे बेकायदा असल्याने त्यांनी ते मोटारीत ठेवले होते. हातात शस्त्र असते तर प्रसंग निराळा ठरला असता का, हे सांगता येण्यासारखे नाही, पण हा प्रश्न विचारणाऱ्या लेकीसमोर आकडेवारी मांडणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला अवघडच होते. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी 1993 मध्ये या बाबतीतल्या विधेयकाला नकाराधिकार वापरला. पुढच्या निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यांना हरवले आणि 1995 मध्ये छुप्या शस्त्राच्या परवान्याचा कायदा झाला. त्याच टेक्सासने 2021 मध्ये परवान्याची अटही काढून टाकली. अशी अट नसलेल्या राज्यांची संख्या 2024 मध्ये 29 झाली. व्हरमाँटने तर ही अट कधी घातलीच नव्हती, आणि ते राज्य इतर बहुतेक बाबतींत उदारमतवाद्यांचे असल्याने या विषयाची सोपी राजकीय वाटणी करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 1791 ची आहे. तिच्या एकाच वाक्यात सुनियंत्रित नागरी सेनेची, म्हणजे गरज पडल्यास शस्त्र घेऊन उभ्या राहणाऱ्या सामान्य नागरिकांच्या दलाची, आवश्यकता सांगितली आहे आणि त्याच दमात शस्त्र जवळ ठेवण्याचा व बाळगण्याचा लोकांचा हक्क अबाधित राहील असे म्हटले आहे. या दोन भागांचा परस्परसंबंध काय, हा वाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या हेलर खटल्यात हा हक्क नागरी सेनेशी निगडित नसून व्यक्तीचा आहे असे ठरवले, परंतु निर्णय घरातल्या पिस्तुलापुरता होता आणि छुप्या शस्त्रांवरील जुन्या बंदींना त्यात धक्का लागला नव्हता. 2010 मध्ये मॅक्डॉनल्ड खटल्याने तो हक्क राज्यांविरुद्धही लागू झाला. पुढचे पाऊल 23 जून 2022 रोजी पडले. ब्रुएन नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली, आणि न्यायमूर्ती क्लॅरन्स टॉमस यांनी लिहिलेल्या निकालपत्रात असा दंडक घालून दिला की, शस्त्रांवरील कोणतेही नियंत्रण देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असले पाहिजे, त्याने लोकांचे किती प्राण वाचतात याचा हिशेब इथे चालणार नाही.

या खटल्यातील एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही, पण प्रस्तुत पुस्तकाच्या दृष्टीने ती मोलाची आहे. न्यूयॉर्क शहरात गरिबांचे वकीलपत्र सरकारी खर्चाने घेणाऱ्या, आणि राजकीय कल पाहता बंदुकांच्या समर्थकांत कधीच गणल्या न जाणाऱ्या, वकिलांच्या एका गटाने कायद्याविरुद्ध निवेदन दाखल केले होते. परवान्याविना पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून तुरुंगात जाणारे त्यांचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे होते आणि त्यांना परवाना मिळण्याची शक्यताच नव्हती. ज्यांच्यावर हा कायदा प्रत्यक्ष चालत होता त्यांच्या बाजूने पाहिले, तर तो सुरक्षिततेचा कायदा होता की मर्जीचा, याचे उत्तर वेगळे येते. दुसरीकडे, इतिहासाचा दंडक किती डळमळीत आहे हे दोनच वर्षांत दिसून आले. कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयाने मनाई हुकूम बजावलेल्या माणसाकडून शस्त्र काढून घेण्याचा कायदा एका कनिष्ठ न्यायालयाने, अठराव्या शतकात असे काही नव्हते म्हणून, रद्द केला होता. रहिमी खटल्यात 2024 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो वाचवला, आणि विरोधातले ते एक मत दंडक लिहिणाऱ्या टॉमस यांचेच होते.

आता मुख्य शंका उरते : दडवलेले पिस्तूल माणसाला सुरक्षित करते का? अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी 1998 मध्ये आपल्या पुस्तकात असे मांडले की, कोणाच्या खिशात पिस्तूल आहे हे गुन्हेगाराला कळत नसल्याने तो सगळ्यांनाच बिचकतो आणि छुप्या शस्त्रधारणेची मुभा देणाऱ्या राज्यांत हिंसक गुन्हे घटतात. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने 2004 मध्ये उपलब्ध पुरावा तपासून, या कायद्यांनी गुन्हे वाढतात किंवा घटतात यांपैकी काहीच सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. जॉन डॉनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन, असा कायदा झाल्यावर दहा वर्षांनी त्या राज्यातील हिंसक गुन्हे, कायदा न होता तर अपेक्षित असलेल्या पातळीपेक्षा 13 ते 15 टक्क्यांनी अधिक असतात असे दाखवले. आज अभ्यासकांत या शेवटच्या मताचे पारडे जड आहे. स्वसंरक्षणासाठी बंदूक वर्षाकाठी किती वेळा वापरली जाते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावरही अंदाजांत जमीनअस्मानाचे अंतर आहे : क्लेक आणि गर्ट्झ यांनी 1995 मध्ये दूरध्वनीवरील पाहणीवरून 25 लाखांचा आकडा दिला, तर सरकारच्या नियमित गुन्हेपीडित पाहणीतून येणारा आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. फरकाचे एक कारण असे की, सरकारी पाहणी आधी ‘आपल्यावर गुन्हा घडला का’ हे विचारते आणि होकार आला तरच प्रतिकाराविषयी विचारते, तर दुसऱ्या पद्धतीत थेट बंदुकीविषयी विचारले जाते आणि पाच हजारांच्या नमुन्यात मूठभर माणसांनी घटना वाढवून सांगितली तरी देशभराच्या हिशेबात ती लाखांनी फुगते.

या सगळ्या वादात सर्वांत मोठा आकडा बाजूला पडतो. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली, त्यांपैकी 26,328 आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांचा जीव परक्या हल्लेखोराने नव्हे, त्यांच्याच हाताने गेला. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ प्राणघातक ठरतात, आणि औषधाच्या गोळ्या घेणाऱ्याला जी पश्चात्तापाची व उपचाराची संधी मिळते ती इथे मिळत नाही. जो माणूस बाहेर जाताना पिस्तूल कमरेला लावतो, तो घरी आल्यावर ते कुठेतरी ठेवतोच, आणि पोरसवदा मुलगा किंवा खचलेली पत्नी यांच्यापासून ते कितपत दूर राहते यावर त्या घराची सुरक्षितता रस्त्यावरील चोरापेक्षा अधिक अवलंबून असते. प्यू या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी 72 टक्के लोकांनी संरक्षण हे एक प्रमुख कारण सांगितले, तर 1999 मध्ये शिकारीचे प्रमाण सर्वाधिक होते. बंदूक रानातून घरात आणि घरातून खिशात आली ती याच काळात. पिस्तुलेही त्याला साजेशी झाली : पूर्वीच्या जड रिव्हॉल्व्हरऐवजी तळहाताएवढी, पातळ, कमी वजनाची पिस्तुले निघाली, आणि पिस्तुलाचा आकार सदऱ्यावर उमटू नये म्हणून कोणते कपडे घालावेत यावरही सल्ले मिळू लागले.

शस्त्र लपवण्यातली एक अडचण अशी की ते पोलिसांपासूनही लपते. वाहन अडवल्यावर चालकाने आपल्याकडे शस्त्र असल्याचे आपण होऊन सांगावे अशी सक्ती काही राज्यांत आहे, काहींत विचारल्यावरच सांगायचे आहे. मिनेसोटात 6 जुलै 2016 रोजी फिलँडो कॅस्टील या परवानाधारक कृष्णवर्णीय माणसाने मोटार अडवणाऱ्या पोलिसाला शांतपणे सांगितले की आपल्याजवळ बंदूक आहे, आणि काही क्षणांत त्या पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. परवाना देणारे राज्य ज्याच्यावर कागदावर विश्वास ठेवते, त्याच्यावर रस्त्यावर त्याच राज्याचा माणूस विश्वास ठेवेलच असे नाही. बंदुकीच्या हक्काचा एरवी मोठ्या आवाजात पुरस्कार करणाऱ्यांचा आवाज या प्रसंगी बराच खाली आला होता.

भारतीय वाचकाला यातला मर्जीचा धागा ओळखीचा वाटेल. लॉर्ड लिटनच्या काळातील 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या वर्षांतच त्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनी 1918 मध्ये हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला होता, आणि त्यांचे ते वचन अमेरिकेतील बंदूकवादी आजही आवडीने उद्धृत करतात. मात्र ते खेडा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करताना काढलेल्या पत्रकातले आहे, हे सांगण्याच्या भरीस ते पडत नाहीत. स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये नवा कायदा आला, वंशभेद गेला, पण परवाना हा हक्क झाला नाही. बहुतेक बंदुकांसाठी ‘सबळ कारण’ दाखवावे लागते, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि शेवटचा निर्णय जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त घेतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आहे, आणि निवडणुका जाहीर झाल्या की अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. न्यूयॉर्कमध्ये रद्द झाले ते तत्त्व महाराष्ट्रात रोजच्या व्यवहारात आहे, आणि इथेही परवाना कोणाला मिळतो हे पाहिले तर धोक्यापेक्षा प्रतिष्ठेचे वजन अधिक पडल्याचा संशय येतो. तरीही दोन्ही देशांतील बंदुकीच्या बळींचे प्रमाण पाहता, मर्जीच्या पद्धतीचा अन्याय आणि मुक्त पद्धतीचे मृत्यू यांतून निवड करण्याचा प्रसंग आला, तर प्रस्तुत लेखनाचा कल कोणीकडे आहे हे लपवण्याचे कारण नाही; त्या अन्यायावर उपाय मर्जीऐवजी लिखित, तपासता येण्याजोग्या निकषांत आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी व इतर भारतीय कुटुंबांना हा विषय केवळ अभ्यासापुरता राहिलेला नाही. न्यू जर्सीत, जिथे त्यांची वस्ती मोठी आहे, ब्रुएनच्या निकालापूर्वी सामान्य माणसाला असा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य होते. निकालानंतर ‘विशेष गरज’ सिद्ध करण्याची अट गेली आणि राज्याने 2022 च्या अखेरीस नवा कायदा करून शस्त्र कुठे नेता येणार नाही याची लांब यादी केली. न्यूयॉर्कने त्याआधीच टाइम्स स्क्वेअरसारखी ठिकाणे निषिद्ध ठरवून 16 तासांचे वर्गातील आणि 2 तासांचे प्रत्यक्ष गोळीबाराचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते. वाद आता परवान्यावरून जागेवर सरकला आहे, आणि त्यातला सर्वांत चिवट मुद्दा खासगी मालकीच्या पण लोकांसाठी खुल्या असलेल्या जागांचा आहे : दुकान, पेट्रोल पंप, मोटेल. अशा ठिकाणी मालकाने मनाई केली नसेल तर शस्त्र नेता येते, हा बहुतेक राज्यांचा नियम. हवाई आणि आणखी काही राज्यांनी तो उलटा करून, मालकाने परवानगी दिली नसेल तर नेता येत नाही असे केले, आणि त्यावर लगेच खटले उभे राहिले. टेक्सासमध्ये परवानाधारकाला छुपे शस्त्र घेऊन आत येण्यास मनाई करायची असेल, तर मालकाला फौजदारी संहितेच्या कलम 30.06 प्रमाणे किमान एक इंच उंचीच्या, उठून दिसणाऱ्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत ठरावीक मजकुराची पाटी लावावी लागते. ती लावली तर काही गिऱ्हाईक तुटते, न लावली तर गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या सदऱ्याखाली काय आहे ते मालकाला कळत नाही, आणि हा निर्णय त्याच्याऐवजी घेणारा कोणताही अधिकारी आता उरलेला नाही.